तान्ह्या बाळाचें लासें

मांजरेकांठच्या कळंबसारख्या गांवीं तान्ह्या बाळाच्या गालावर तांबडें लासें दिसलें कीं घरांतील वडीलधाऱ्या बायका गरोदरपणांतील ग्रहण आठवूं लागतात. बिचाऱ्या ग्रहणाचा येथें कांहीं संबंध नाहीं. विचारावयाचें तें एवढेंच: लासें जन्मतःच होतें, कीं बारशानंतर उमटलें?

या प्रश्नांत निम्में निदान आहे. पूर्वीं डॉक्टरही अशा बहुतेक खुणांना सरसकट हिमँजिओमा म्हणत. १९८२ सालीं बोस्टनच्या मलिकन व ग्लोवाकी यांनीं त्यांच्या दोन जाती केल्या. एकींत रक्तवाहिन्यांच्या पेशी खरोखर वाढतात. ती अर्बुदाची जात. तिच्यांत नेहमीं आढळणारा खरा हिमँजिओमा पहिल्या कांहीं आठवड्यांत उमटतो, पांचव्या महिन्यापर्यंत बहुतेक वाढ पुरी करतो व पुढें कांहीं वर्षांत हळूहळू ओसरतो. दुसरी जात वाहिन्यांच्या घडणींतील दोषाची. तो जन्मापासून असतो, मुलाबरोबर वाढतो आणि ओसरत नाहीं.

'आपोआप जाईल' हें म्हणणें म्हणून अर्धेंच खरें. शिवाय पापणीवरील गांठ दृष्टि अधू करूं शकते. अंगावर पांच किंवा अधिक गांठी असल्यास यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी लागते. हृदयविकारासाठीं दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलनें हिमँजिओमा मावळत असल्याचें बोर्दोच्या डॉक्टरांनीं २००८ सालीं कळविलें. परंतु तें औषध वाढीच्या काळांतच अधिक गुण देतें. तेव्हां अंबाजोगाईस किंवा लातुरास वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत जावयाचें तें बाळ चालूं लागण्याची वाट न पाहतां, पहिल्या-दुसऱ्या महिन्यांतच; आणि जातांना जन्मापासूनचीं छायाचित्रें बरोबर न्यावीं.