आठवणीला कागदाची जोड



इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव हिंडले. १९२६ साली त्यांचे धुळ्यात निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच आहे. पण ज्यांना लिहूच दिले नाही, त्यांची दप्तरे कुठून सापडणार?

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. त्या आठवणी आम्ही म्हाताऱ्या माणसांकडून ऐकल्या. प्रत्येकाची थोडी वेगळी! म्हणून कोणी डोळ्यांनी पाहिले, कोणी नुसते ऐकले, ते विचारून लिहून घ्यावे. तारीख त्या वेळच्या कागदाशी ताडून पाहावी. घरातली जुनी पत्रे, फोटो, पावत्या रद्दीत घालू नका. तोच आपला पुरावा.

जय भीम!