विसणाचे पाणी आणि तापमान



पहाटे बंब पेटवून घंगाळात कढत पाणी काढलं, की न्हाणीतून हाक येते, "अगं, विसण आण!" सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ घरांत त्यालाच इसण म्हणतात. कढत पाण्यात बेताबेतानं गार पाणी मिसळायचं, हात बुडवून पाहायचं आणि अंगाला सोसेल असं झालं की थांबायचं. आज ज्या शब्दाविषयी बोलायचं आहे, तो 'टेम्परेचर' हा इंग्रजी शब्द मुळात हेच काम सांगतो. लॅटिन भाषेत 'टेम्पेरारे' म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणं. त्यावरून आलेल्या शब्दाचा अर्थ बेताचं मिश्रण. उष्णतेचं माप हा अर्थ त्याला फार उशिरा, सतराव्या शतकात चिकटला.

मिश्रणाचा उष्णतेशी संबंध काय? गेलेन नावाचा एक ग्रीक वैद्य दुसऱ्या शतकात होऊन गेला. उष्ण, थंड, कोरडं आणि ओलं यांच्या मिश्रणानं देह चालतो, ते बिघडलं की आजार, असं तो मानी. मग समतोल तो कोणता? त्यानं सुचवलं, उकळतं पाणी आणि बर्फ सारख्या प्रमाणात मिसळा, ती मधली स्थिती. तिच्या एका बाजूला उष्णतेच्या चार पायऱ्या, दुसऱ्या बाजूला थंडीच्या चार. म्हणजे बर्फाचं विसणच की हो!

आपला 'तापमान' शब्द वेगळ्या वाटेनं आला. 'तप्' म्हणजे तापणं, आणि त्यातच पोळणं, दुःख पावणंही आलं. म्हणून आपण 'अंगात ताप आहे' म्हणतो, तसंच 'डोक्याला ताप झाला' असंही म्हणतो. 'मान' म्हणजे माप. वर्गात एखादा मुलगा "गुरुजी, मला तापमान आलंय" म्हणाला, तर हसू नका. त्याला फरक सांगा. ताप येतो नि जातो. तापमान दगडालाही असतं आणि बर्फालाही.

मापाला खुणा लागतात. स्वीडनच्या सेल्सिअसनं १७४२ साली पाणी गोठण्याच्या आणि उकळण्याच्या दोन खुणांमध्ये शंभर भाग पाडले. गंमत म्हणजे त्यानं उकळण्याला शून्य आणि गोठण्याला शंभर धरलं होतं. पुढं ते उलटं झालं. पण ही शंभराची खूण समुद्रकाठची, बरं का. आमच्या महाबळेश्वरला, साडेचार हजार फुटांवर, पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळतं. जाळ कितीही घाला, उघड्या भांड्यातलं पाणी त्यापुढं तापत नाही आणि डाळ शिजायला वेळ लागतो. तिथं उगम पावलेली कृष्णा सांगलीला येते, तिथं तेच पाणी ९८ च्या आसपास उकळेल.

तर मग हाताचा अंदाज टाकाऊ का? मुळीच नाही. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी पाहतो आणि नेमक्या क्षणी काहील उतरवतो. पण त्याच्याजवळ गोळीची खूण असते. नुसत्या हाताला अशी खूण नाही. शिक्षकांनी तीन भांडी घ्यावीत, एकात सोसवेल असं ऊन पाणी, एकात गार आणि मधल्यात कोमट. मुलानं एक हात उन्हात, एक गारात मिनिटभर ठेवावा. मग दोन्ही एकदम मधल्यात घालावेत. पाणी एकच, पण एक हात म्हणेल गार, दुसरा म्हणेल ऊन.

आता घरातली आई डोळ्यांपुढे आणा. धुणं धुऊन गार हातांनी तिनं लेकराचं कपाळ पाहिलं, तर साधं कपाळही तिला ऊन लागेल. तीच चुलीपुढून उठून आली असेल, तर अंगात ताप असूनही "काही नाही, निजू दे" म्हणेल. निरोगी माणसाचं तापमान साधारण ३७ अंश, जुन्या फॅरनहाइट मोजणीत ९८.६. ते ३८ च्या वर गेलं, म्हणजे ताप आहे. पाऱ्याची नळी आता मागे पडली, आकडा दाखवणारा थर्मामीटर औषधाच्या दुकानात मिळतो. तो काखेत नीट धरावा, आकडा वेळेसह कागदावर लिहावा, आणि दवाखान्यात जाताना तो कागद बरोबर न्यावा.