कामाचं साल कुणाच्या वहीत?

(तालुका कार्यकर्ता शिबिरातल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना शिबिराला येता आलं नाही, त्यांच्या पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावा.)



वनहक्काचे दावे भरायचं काम चाललंय. त्यात एक अडचण बहुतेक सगळ्या पाड्यांवरून आली, म्हणून आज तेवढ्यावरच बोलतो. चौकशीला आलेला साहेब विचारतो, "धंदा काय करतोस?" आपला माणूस सरळ. तो म्हणतो, "भट्टीवर जातो." साहेब लिहून घेतो : वीटभट्टी मजूर. मग रोजगार हमीचा साहेब विचारतो, "सध्या काम आहे का?" आपण म्हणतो, "नाही." त्याच्या लेखी आपण बेकार. जंगलखात्याच्या कागदावर तर आपण पहिल्यापासूनच अतिक्रमणदार. माणूस एक, कागद तीन, आणि शेतकरी एकाही कागदावर नाही.

खरं साल कसं असतं ते मांडून बघू. मागच्या महिन्यात एका पाड्यावर आम्ही बायांमध्ये बसलो. एक बाई सांगत गेली, आम्ही लिहीत गेलो. पाऊस पडायच्या आत राब भाजला. मिरगाला नागली-वरईची रोपं टाकली, भाताचं बी पेरलं. आषाढात चिखलणी आणि आवणी. घरची आवणी उरकली की खाली बंदरपट्टीत दुसऱ्याच्या आवणीला, तिथले वीस-पंचवीस दिवस. परत येऊन बेणणी. भादव्यात रात्री माळ्यावर राखण, नाहीतर डुकरं काही ठेवत नाहीत. आश्विनात वरई आणि नागलीची कापणी, मग भात, मग झोडणी. मधल्या वेळात रानभाजी, खेकडे, लाकूडफाटा. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी. तिथून भट्टी. शिमग्याला चार दिवस घरी, पुन्हा भट्टी. वैशाख सरता सरता परत, आणि आल्या दिवशी राबाकडे. मोहाची फुलं मात्र सासूने वेचली, कारण म्हातारी घरीच होती.

आम्ही बेरीज केली. साडेपाच महिने भट्टी. जवळजवळ महिना दुसऱ्याचं शेत. बाकी सगळं आपली जमीन आणि आपलं जंगल. विचारलं, बसून किती दिवस काढले? ती हसली. म्हणाली, "ताप आला होता तेव्हा आठ."

ही बाई बेकार कशी? आणि ही नुसती भट्टी मजूर तरी कशी? भट्टीवर जाते ती जमिनीपायी. जमीन आठ महिन्यांचं खायला देते, बाकीच्या चार महिन्यांसाठी श्रावणात उचल घ्यावी लागते, आणि ती फेडायला कार्तिकात जावं लागतं. तालुक्यात कुणी जमीन सोडून कायमचा भट्टीवर राहिला, असं मी तरी पाहिलं नाही.

आता ही कामं कुणाच्या वहीत असतात ते बघा. भट्टीवर मालकाची वही. तिच्यात 'जोडी' असते. जोडी म्हणजे नवरा-बायको, पण नाव नवऱ्याचंच. बाई चिखल तुडवते, विटा थापते, उचलून ठेवते, आणि वहीत ती निम्मी जोडी. पोरगं विटा उलटत फिरतं, ते तर जोडीतही नाही. दर हजारी, म्हणजे हजार विटांना इतके. आठवड्याला खर्ची मिळते आणि खरा हिशेब निघतो शेवटी. किती थापल्या, किती पावसाने गेल्या, उचल किती फिटली, सगळं मालक वाचून दाखवतो. आपल्याजवळ चिटोरासुद्धा नसतो. म्हणून भांडता येत नाही आणि पुढच्या सालाची बाकी अंगावर घेऊन घरी यावं लागतं.

आपल्या आज्या-आजोबांचं साल सावकाराच्या वहीत होतं. लग्नाला कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं लग्नगडी. किती वर्षं राबलं, किती फिटलं, ते सावकार सांगेल ते. १९४५ साली वारली उठले, तलासरीपासून डहाणूपर्यंत वेठ मोडली. गोदूताई परुळेकर त्यात होत्या हे म्हातारी माणसं अजून सांगतात. वेठबिगारीच्या विरोधात देशाचा कायदा व्हायला मात्र १९७६ उजाडलं. लग्नगडी गेला, पण वही दुसऱ्याच्या हातात असायची रीत गेली नाही. भट्टीची उचल हे तिचंच धाकटं भावंड.

सरकारची वहीसुद्धा बघा. शिरगणतीत वर्षातले १८३ दिवस, म्हणजे सहा महिने काम केलं तर 'मुख्य कामगार'. त्याहून कमी तर 'सीमांतिक'. काहीच नाही तर 'बिगर कामगार'. मोजणारा गुरुजी दारात येतो आणि घरधन्याला विचारतो, "बायको काय करते?" घरधनी म्हणतो, "घरीच असते." झालं. राब, आवणी, बेणणी, कापणी, सगळं पुसलं गेलं.  पुढच्या शिरगणतीत उत्तर बाईने द्यायचं. "माझ्या जमिनीत काम करते" असं सांगायचं आणि महिने मोजून सांगायचे.

जंगलखात्याची वही तर मजेशीर. जमीन कसली म्हणून दंड केला की पावती. ती पावती आपल्या गुन्ह्याची. पण १९७८ साली सरकारने जुनी अतिक्रमणं कायम करायचा हुकूम काढला, तेव्हापासून जमिनीचा पुरावा म्हणून तीच पावती मागतात! ज्याला दंड झाला तो बरा निघाला. ज्याच्याकडून गार्डाने कोंबडी नेली, तांदूळ नेले, दारू प्याला आणि कागद दिला नाही, तो कोरडा. (सभेत हशा.) हसताय, पण इथे बसलेल्या कितीजणांचे दावे याच कारणाने लोंबकळत होते ते तुम्हालाच ठाऊक.

२००६ च्या कायद्याने ही गोष्ट थोडी बदलली. नियम २००८ चे आहेत, त्यात पुराव्यांची यादी आहे. पावतीवाचून दावा होत नाही असं त्यात कुठेही नाही. एकापेक्षा जास्त पुरावे पाहिजेत, एवढं आहे. म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून घेतलं तर तो पुरावा, मात्र म्हातारा स्वतः त्या दाव्याचा दावेदार नको. जमिनीवर घातलेले बांध, केलेली सपाटी, झोपडी, विहीर, मसणवट, देवाची जागा, हेही पुरावे. म्हणजे बापाने रचलेला दगडी बांध बोलू शकतो. पण बांध कुणी, कोणत्या साली घातला ते आपल्याला सांगता आलं पाहिजे. तिथे आपलं गाडं अडतं.

दुसरा मुद्दा तारखेचा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा पाहिजे. डिसेंबर म्हणजे काय? ऐन भट्टीचे दिवस. कुणी विचारलं, "त्या दिवशी तू भिवंडीला होतास, मग ताबा तुझा कसा?" तर गांगरायचं नाही. त्या दिवशी शेतात नागलीचे खुंट होते, पेंढा माचावर होता, म्हातारी घरात होती. खातेदार शेतकरी पिकं काढून मुंबईला लेकाकडे जाऊन राहिला तर त्याची जमीन जाते का? कायदा म्हणतो मुख्यतः इथे राहणारा आणि पोटासाठी जंगलावर अवलंबून असलेला. बारा महिने खुंटाला बांधलेला असं तो म्हणत नाही.

आणि बायांनो, नवरा-बायको असतील तिथे पट्टा दोघांच्या नावाने द्यायचा, हे कायद्यातच आहे. जोडीतल्या बाईचं नाव कागदावर यायची ही संधी आहे. फॉर्म भरताना बायकोची जागा कोरी ठेवलेले फॉर्म मी परत पाठवतोय, मग कुणी रागावलं तरी चालेल.

आता काय करायचं. दर पाड्याने एक शंभरपानी वही घ्यायची. एका घराला दोन पानं. कोण किती साली भट्टीला गेलं, कुठे, किती महिने, मागे घरी कोण राहिलं, बांध कधी घातला, कोणत्या तुकड्यात काय पेरलं. साल आठवत नसेल तर खूण लिहा : '७२ च्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी, थोरली पोर झाली त्या पावसात. शाळेत जाणाऱ्या पोराने लिहावं, दोन म्हाताऱ्यांनी अंगठा करावा. भट्टीवर जाणाऱ्याने खिशात छोटी वही न्यावी. रोज किती थापल्या, दर शनिवारी खर्ची किती मिळाली, तेवढंच टिपायचं.

मागून एकाने विचारलं, मालकाला वही दिसली तर पुढच्या साली उचल देईल का? काही मालक नाही देणार. खरं तेच सांगतो. म्हणून एकट्याने नाही न्यायची, पाड्याच्या सगळ्या जोड्यांनी न्यायची. सगळ्यांना नाही म्हटलं तर विटा कोण थापणार?

आणि दिवाळीच्या आत नमुना चार भरा. तोंडी काम मागितलं की कचेरीत लिहितात, 'मजुरांची मागणी नाही'. लेखी मागा, तारखेची पोच घ्या. पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारभत्ता, पहिले तीस दिवस मजुरीच्या पाव, पुढे निम्मा. हमीचं काम वेळेत निघालं तर निदान काही घरांची गाडी चुकेल.

शेवटची गोष्ट गावसभेची. दाव्यांच्या ठरावाला निदान निम्मं माणूस हजर लागतं. कार्तिकानंतर पाड्यावर म्हातारे आणि कुत्रे उरतात. म्हणून ज्या पाड्यांची मोजणी झाली आहे त्यांनी गावसभा दसऱ्याच्या आठवड्यातच लावावी. मोजणी राहिली असेल त्यांनी वनहक्क समितीकडून तारीख लेखी घ्यावी आणि भट्टीवाल्यांच्या सह्या-अंगठे जायच्या आधी उरकावेत.

पुढच्या बैठकीला येताना पाड्याची वही आणा, असतील त्या पावत्या आणा, आणि चालवत असेल तर एक म्हातारं माणूस बरोबर आणा.