बोकड कोणाचा, मैदान कोणाचं?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



फुटबॉल जिंकल्यावर काय मिळतं? तुम्ही म्हणाल, कप. झारखंडमधल्या गुमला, सिमडेगा भागातल्या गावांत मात्र बोकड मिळतो! जिंकणाऱ्यांना मोठा, हरणाऱ्यांना त्याहून लहान. त्याला तिकडे 'खस्सी' म्हणतात, आपल्या 'खच्ची'चाच तो भाऊ. म्हणून सामन्यांचं नावच खस्सी टूर्नामेंट. हे बक्षीस कपाटात धूळ खात बसत नाही, सगळ्यांच्या पोटात जातं. मला ही गोष्ट फार आवडते.

पण आपली खोड जात नाही. आपण लगेच विचारतो, तो रस्सा रांधतं कोण? आणि खेळतं कोण?

या उराँव, मुंडा, खडिया आदिवासींच्या भागात मुलीही खेळतात, फुटबॉल आणि हॉकी दोन्ही. म्हणजे तिथे बाईला सगळं मोकळं आहे, असं समजू नका. बाईला डायन ठरवून छळू नये म्हणून याच राज्यात 2001 साली कायदा लागू करावा लागला. दोन्ही गोष्टी एकाच मातीतल्या.

गुमला जिल्ह्यातल्या गोर्राटोली गावची अष्टम उराँव 2022 साली भारताची कर्णधार झाली, 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात. त्या वेळी प्रशासनाला तिच्या घराकडे जाणारा रस्ता आठवला. काम सुरू झालं. आणि त्या रस्त्यावर मजुरीला कोण? तिचेच आईवडील! लेक देशाची कर्णधार, आई घमेलं उचलतेय. अमेरिकेविरुद्धचा पहिला सामना आपण 0-8 ने हरलो. हसणारे हसले असतील. मला विचाराल तर खरी हार त्या रस्त्यावर होती. पोर कर्णधार झाली नसती, तर गावाने रस्ता मागायचाच नाही का?

म्हणून मी तुम्हाला 'आपल्या गावातून एक अष्टम घडवा' असं सांगणार नाही. मागायचं ते साधंच आहे: रोज संध्याकाळी तासभर मैदान, आणि त्या तासात पाणी, सरपण, धाकटं भावंड यांतून पोरीची सुटका. तो तास आईच्या डोक्यावर पडणार नाही, हेही आपणच पाहायचं.

घरी गेलात की एक करा. संध्याकाळी पाच वाजता गावच्या मैदानावर जा आणि मोजा, मुलगे किती, मुली किती. तो आकडा घेऊन ग्रामसभेत उभ्या राहा. बोकडाचं नंतर बघू. आणि तो मिळालाच, तर रांधायची पाळी त्यांची!