दावणीचा दाणा



पगारवाढीवर आणि बोनसवर बोलण्यात आमची हयात गेली. अशा माणसाने गुरांच्या खाद्यावर व्याख्यान द्यावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पण आमचे निघोजे हे गावच असे, की पहिल्या पाळीला कारखान्यात जाणारा माणूस पहाटे म्हशीची धार काढून निघतो. चाकणची वसाहत आली, गाव भाडेकरूंनी भरून गेले. तरी सगळ्या दावणी मोडलेल्या नाहीत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराचे मूल याच दावणीचे दूध पिते. तेव्हा तिथे काय पडते, हा प्रश्न आमचाच होय.

या टेबलावर दोन पुरचुंड्या आहेत. एकीत शाळू आहे, पांढराशुभ्र. दुसरीत पावसाळी ज्वारी; काळी पडलेली, बोटाने दाबली की चुरा होणारी. जात तीच, पण दाणा भरत असताना एकीवर कोरडे, थंड आकाश होते आणि दुसरीवर पाऊस.

फुलोऱ्यापासून दाणा पक्व होईपर्यंत सुमारे ३५ ते ४५ दिवस लागतात. या दिवसांत हवा दमट राहिली, की कणसात बुरशी शिरते, दाण्यातले सत्त्व खाते आणि काही वेळा विष मागे ठेवते. उलट पाण्याचा ताण पडला, ऊन कडक झाले, तर भरण्याचे दिवसच तुटतात. पिष्टाची भर शेवटपर्यंत चालायची असते, ती अर्धी राहते. दाणा पोचट होतो. अशा दाण्यात प्रथिनांचा टक्का कागदावर चांगला दिसतो. त्याला भुलू नये. पिष्ट कमी पडले म्हणून टक्का वाढला, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या जुन्या उंच खरीप जाती पाऊस ओसरल्यावर फुलत. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला. उत्पन्न वाढले, भुकेल्या देशाला ते हवेच होते, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण लवकर येणारे वाण पावसातच पिकू लागले, आणि काळ्या ज्वारीचा प्रश्न मोठा झाला. ही काळी ज्वारी माणूस खाईना, म्हणून ती स्वस्तात कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात गेली.

खाद्यात गेली म्हणजे विषय संपला का? १९९५ साली दख्खनच्या पठारावरील २७ गावांत पावसाने भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी व जुलाब झाले. त्याच घरांतला दाणा एक दिवसाच्या पिलांना घातला, तर पिलांनाही जुलाब लागले. त्याआधी १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरशीच्या मक्याने ३९७ माणसे आजारी पडली, १०६ दगावली. घरची कुत्रीही मेली. ते विष अफ्लाटॉक्सिन. ही बुरशी उष्म्याने, पाण्याच्या ताणाने त्रासलेल्या मक्यात शेतातच शिरते आणि दाणा ओला साठवला की फोफावते. म्हणजे दुष्काळ आणि अवकाळी, दोन्ही तिला मानवतात.

गाईम्हशींनी खाल्लेल्या या विषाचा थोडा अंश, सामान्यतः शेकडा १ ते ३, दुधात उतरतो. दूध उकळले तरी तो जात नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ साली दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांतल्या ३६८ मध्ये हा अंश मर्यादेबाहेर होता. आम्हांला घबराट पसरवायची नाही. बाकीचे नमुने या बाबतीत मर्यादेतच होते. पण महागाईच्या निर्देशांकात दुधाचा भाव धरतात. दुधाचा कस गेला तर निर्देशांक हलत नाही, भत्ताही हलत नाही, हे आम्ही कामगारांना सांगत असतो.

आमचेही हात यात स्वच्छ नाहीत. एका साली स्वस्त मिळाली म्हणून आम्ही काळी ज्वारी भरडून आंबोणात घातली. आठ-दहा दिवसांत म्हैस गव्हाणीत तोंड घालीना, धार निम्म्यावर आली. विकणाऱ्याकडे गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, वजन बरोबर होते ना?" वजन बरोबर होते. आम्ही परत आलो.

दूध संस्थांनी ओलावा मोजण्याचे यंत्र घ्यावे. १२-१३ टक्क्यांवर ओलावा असलेला दाणा पोत्यात भरूच नये. बुरशीचा दाणा दुभत्या जनावराला घालू नये. खाद्य घेताना तपासणीचा कागद मागावा. हे सारे बोलायला सोपे. पण ज्याची ज्वारी पावसाने काळी पडली, त्या शेतकऱ्याने काय करावे? पाऊस काही त्याने बोलावला नव्हता. पीकविम्याचा हिशेब करताना किलोबरोबर दाण्याचा कसही धरला पाहिजे, नाहीतर तो काळा दाणा कोणाच्या तरी दावणीलाच विकणार. या मागणीवर दूध संस्था आणि कामगार संघटना यांनी एकत्र बसावे, असे आम्ही गावात बोलून पाहिले. शेतकरी म्हणतात, "तुम्ही कारखान्याचे." कामगार म्हणतात, "हा शेतीचा प्रश्न." बैठक अजून झालेली नाही, पुन्हा बोलावणार आहोत.

आता या पुरचुंड्या पहिल्या रांगेपासून फिरवतो. काळ्या दाण्याचा वास दुरूनच घ्या, आणि हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका.