औषधदानाला ज्ञानदानाची जोड



आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार जैन परंपरेने सांगितले आहेत. औषधदानाचे कार्य समाजातील अनेक संस्था निष्ठेने करीत आल्या आहेत. परंतु काही व्याधी अशा असतात, की तेथे औषध स्वस्त असते आणि अज्ञान महाग पडते. थायरॉइडचा विकार हा त्यांपैकीच एक होय.

गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची एक छोटी ग्रंथी असते. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. तिच्यातून स्रवणारे संप्रेरक शरीराच्या सर्व व्यवहारांची गती ठरविते. हा स्राव कमी झाला की थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठ, केस गळणे, मासिक पाळीतील अनियमितता असे त्रास सुरू होतात. तो वाढला की छातीत धडधड, हातांना कंप आणि वजनात घट दिसते. ही लक्षणे वयाच्या किंवा कामाच्या खात्यावर टाकली जातात आणि वर्षे निघून जातात. मुंबईसह देशातील आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारे ११ टक्के व्यक्तींच्या ग्रंथीचे कार्य मंदावलेले आढळले. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश व्यक्तींना आपल्या विकाराची कल्पनाच नव्हती.

उपचारांसाठी माटुंगेकरांना दूर जावे लागत नाही. लोकलने दोन स्थानके ओलांडली की परळ. तेथे के. ई. एम. व टाटा ही रुग्णालये आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे, १९६३ साली स्थापन झालेले रेडिएशन मेडिसिन सेंटरही परळलाच आहे. किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉइडच्या रुग्णांवर उपचार करण्यात या केंद्राने मोठी कामगिरी बजावली आहे. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावच्या कर्करोगग्रस्तांना आसरा मिळतो. थोडक्यात, वैद्यकीय सोय आहे. उणीव आहे ती घरी परतलेल्या रुग्णाला समजावून सांगणाऱ्याची.

गोळीचाच विषय घ्यावा. मंदावलेल्या ग्रंथीसाठी दिली जाणारी थायरॉक्सिनची गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. ती रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, दूध, नाश्ता नको. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांत आणि तिच्यात चार तासांचे अंतर असावे. नवकारशी करणाऱ्यांनी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारताना उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी व नाश्ता तेवढा पुढे ढकलावा. व्रतही सांभाळले जाते आणि औषधही.

तपश्चर्येच्या काळात मात्र अधिक विवेक हवा. हे औषध शरीरात काही दिवस टिकते. म्हणून एखाद्या दिवसाचा खंड आणि अठ्ठाई किंवा मासक्षमणातील दीर्घ खंड यांत मोठा फरक आहे. गर्भवती, हृदयरोगी आणि शस्त्रक्रियेने ग्रंथी काढलेले रुग्ण यांची गोष्ट तर आणखी निराळी. यासाठी पर्युषणापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि तो गुरुमहाराजांसमोर ठेवावा. गोळी परस्पर बंद करणे ही तपश्चर्या नव्हे.

मिठाबद्दलही गैरसमज आहेत. देशाने १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे आयोडीनयुक्त मीठ घराघरांत पोहोचले. शाकाहारी कुटुंबासाठी ते आयोडीनचे महत्त्वाचे साधन आहे. सैंधवात आयोडीन नगण्य असते. म्हणून व्रतापुरते सैंधव ठीक, बारमाही नको. मात्र शहरांत आढळणारा विकार बहुधा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेल्या आघातामुळे होतो. तो मिठाने बरा होत नाही. तेथे गोळीच हवी.

सर्वांत नाजूक प्रश्न मुलींचा आहे. विवाह जुळविताना थायरॉइडची गोष्ट झाकली जाते आणि सासरी गेलेली मुलगी गोळी लपवून घेते, नाही तर सोडून देते. गर्भधारणेच्या पहिल्या महिन्यांत बाळ सर्वस्वी आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते. त्या काळात गोळीची मात्रा बहुधा वाढवावी लागते. म्हणजे ज्या वेळी मोकळेपणाने सांगायला हवे, नेमक्या त्याच वेळी ती गप्प असते. नियमित उपचार घेणारी स्त्री सुखाने संसार करते, निरोगी अपत्याला जन्म देते. तेव्हा यात लपविण्यासारखे काही नाही, हे सासू-सासऱ्यांनी प्रथम समजून घ्यावे. नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबांवरून या विकाराची तपासणी होते. पहिल्या काही आठवड्यांत उपचार सुरू झाले तर बुद्धीची हानी टळते. प्रसूतीपूर्वीच कुटुंबाने या तपासणीची चौकशी करावी.

तपासणी शिबिरे होतात, रक्त घेतले जाते आणि अहवाल कपाटात पडून राहतो. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची असते, याची आठवण कोण देणार? दुकानात उधारीची वही रोज उघडली जाते. आरोग्याची वही मात्र वर्षानुवर्षे उघडत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने ही वही उघडावी. महिन्यातून एक रविवार तज्ज्ञ डॉक्टरांचे मार्गदर्शन ठेवावे. मराठी, गुजराती व हिंदीत एक पानी माहितीपत्रक काढावे. पुढील तपासणीची आठवण देणाऱ्या, वृद्धांना परळपर्यंत सोबत करणाऱ्या भगिनींचे मंडळ उभारावे. किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारापूर्वी अनेक रुग्णांना काही दिवस आयोडीनरहित मिठाचा आहार घ्यावा लागतो. त्यांच्यासाठी, डॉक्टरांच्या सूचनेनुसार, भोजनशाळेतून डबा द्यावा.

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वेळ देणारी माणसे हवीत. गोळी देणे हे औषधदान, ती कशी घ्यावी हे सांगणे हे ज्ञानदान आणि भयभीत मुलीच्या पाठीशी उभे राहणे हे अभयदान. गोरगरिबांसाठी डबा देणे हे तर आहारदानच. चारही दाने एकाच कार्यात घडण्याचा असा योग विरळा. समाजाने तो दवडू नये, हीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!