उन्हाळी ओळखायच्या दोन टेस्ट

आमच्या अंथुर्ण्याच्या माळावर उन्हाळी, म्हणजेच शरपुंखा, जमिनीलगत वाढते. ॲपला फुलाचा फोटो दिला की नाव येतं, पण हिच्या दोन जातींची फुलं जांभळीच! मी कोड लिहिणारा माणूस, मला टेस्ट लागते.

पहिली: संयुक्त पानातलं एक छोटं पान टोकाला धरून ओढा. बाणाच्या पिसांसारखं ‘व्ही’ आकारात तुटलं, तर टेफ्रोशिया. शर म्हणजे बाण, पुंख म्हणजे त्याचा पिसांचा भाग.

दुसरी: शेंग बघा. चपटी, जवळपास गुळगुळीत असेल तर परप्युरिया. दाट, मऊ लव असेल तर व्हिलोसा.

लोक हिचं मूळ औषधाला नेतात, म्हणून खात्री हवी. शेंग धरली नसेल, तर थांबा. उपटू नका.